परकीय अपप्रचार : ‘बाहेरचा हात’ सिद्ध कसा होतो आणि त्याला उत्तर कोणी द्यायचे?

निरंजना (धागालेखिका)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांपासून जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. मागच्या महिन्यात माझ्या भावजयीने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर एका नामांकित जर्मन नियतकालिकातला म्हणून एक लेख पाठवला. युक्रेनला मदत करण्यापायी जर्मनीतले कारखाने बंद पडत आहेत आणि सामान्य माणसाला हिवाळ्यात घर गरम ठेवणेही परवडेनासे होणार आहे, असा त्याचा सूर होता. बोधचिन्ह, अक्षरांचे वळण, पानाची मांडणी, सारे हुबेहूब होते. बाजूच्या बातम्यांवर टिचकी मारली की खऱ्या संकेतस्थळाचीच पाने उघडत होती. फक्त पत्त्याचे शेपूट (‘डॉट कॉम’सारखा शेवटचा भाग) वेगळे होते आणि ते भावाच्या लक्षात यायला दोन दिवस गेले. तोवर तो लेख आमच्याकडून पुण्यातल्या आणखी दोन समूहांत पोहोचला होता.

भावजयीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “लेख खोटा असेल ताई, पण माझे गॅसचे बिल तर खोटे नाही ना?” या प्रश्नाने मी निरुत्तर झाले आणि म्हणूनच हा धागा काढत आहे. अशा लेखामागे परकीय सत्ता आहे हे अभ्यासक कशाच्या आधारावर ठरवतात? आणि ते ठरल्यावर उत्तर कोणी द्यायचे : सरकारने, समाजमाध्यम कंपन्यांनी, की आपण? एकट्या सरकारवर हे सोपवू नये, असे मला वाटते. पण ते वाटणेच आहे, त्यामागे अभ्यास नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

रानवारा

निरंजनाताई, मी बर्लिनमध्ये संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो. तुम्ही वर्णन केलेली पद्धत इकडे ‘डॉपलगेंगर’ या नावाने ओळखली जाते. त्या जर्मन शब्दाला मराठीत ‘तोतया’ हा चपखल शब्द आहे. ब्रुसेल्समधल्या ‘ईयू डिसइन्फोलॅब’ या संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये रशियातून चालणारी ही मोहीम उघडकीस आणली, तेव्हा ‘बिल्ड’, ‘गार्डियन’ यांच्यासह किमान १७ माध्यमांची तोतया पाने सापडली होती. पुढे ‘ले मोंड’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’चीही निघाली. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकी न्यायखात्याने असे ३२ पत्ते जप्त केले आणि त्यांत ‘फॉक्स-न्यूज डॉट इन’ असा भारतीय शेपटाचाही एक पत्ता होता.

आता तुमचा पहिला प्रश्न. मजकूर वाचून परकीय हात सिद्ध होत नाही, कारण तेच मत एखादा जर्मन नागरिक मनापासून मांडू शकतो आणि तो त्याचा हक्क आहे. अभ्यासक वर्तन पाहतात. पत्ते कधी आणि कोणत्या क्रमाने नोंदवले गेले, अनेक तोतया पाने एकाच सर्व्हरवर आहेत का, दुवा पसरवणारी खाती एकाच आठवड्यात जन्मलेली आहेत का, हे तपासले जाते. या मोहिमेत दुव्यावर टिचकी मारणारा आधी एका मधल्या पानावर जाई. तिथे तो कोणत्या देशातून आला आहे हे पाहिले जाई, आणि जर्मनीसाठी रचलेला लेख परक्या देशातल्या वाचकाला बहुधा दिसतच नसे. प्रामाणिक संपादक असला पडदा लावत नाही. त्यावरची पायरी कागदपत्रांची. या मोहिमेमागच्या, मॉस्कोतल्या ‘सोशल डिझाइन एजन्सी’ आणि ‘स्ट्रुक्तुरा’ या कंपन्यांवर युरोपीय संघाने जुलै २०२३ मध्ये निर्बंध घातले आणि अमेरिकी न्यायालयात सादर झालेल्या कागदांत त्यांच्या बैठकांची टिपणेही आली. तांत्रिक खुणा, वर्तन आणि कागद ही तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवू लागली की मगच नाव घ्यायचे असते.

मृण्मय

म्हणजे मजकूर खरा की खोटा हा प्रश्न तपासात दुय्यम ठरतो का?

रानवारा

बऱ्याच अंशी, होय. २१ मे २०१६ रोजी ह्यूस्टनमधल्या एका इस्लामी केंद्रासमोर दोन गट समोरासमोर उभे राहिले. एका गटाला ‘टेक्सासच्या इस्लामीकरणाविरुद्ध’ म्हणून फेसबुकच्या एका पानाने बोलावले होते, दुसऱ्याला ‘इस्लामी ज्ञान वाचवा’ म्हणून दुसऱ्या पानाने. दोन्ही पाने सेंट पीटर्सबर्गच्या ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’तून चालवली जात होती. जमलेली माणसे मात्र खरी होती आणि त्यांची मतेही त्यांची स्वतःचीच होती. त्या आवाहनात पडताळून खोटे ठरवावे असे वाक्य शोधायला गेलात तर हाती फारसे लागणार नाही. आवाहन कोण करत आहे, हेच तेवढे खोटे होते.

जुना_खिळा

मी एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक म्हणून तीस वर्षे काढली. माझ्या तरुणपणी सोव्हिएत मासिके घरोघर येत. कागद गुळगुळीत असे, म्हणून आम्ही त्यांची वह्यांना कव्हरे घालत असू. तो प्रचारच होता, पण त्यावर प्रकाशकाचे नाव असे. वाचणाऱ्याला कोण बोलत आहे हे कळत होते. मुखवट्याचा प्रकार निराळा, आणि त्याचे जगातले एक अत्यंत गाजलेले उदाहरण आपल्या दिल्लीत जन्मले, हे इथल्या तरुण सदस्यांना ठाऊक असावे म्हणून लिहितो.

जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या सोव्हिएतधार्जिण्या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. लिहिणारा स्वतःला ‘प्रसिद्ध अमेरिकी शास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ’ म्हणवत होता. एड्सचा विषाणू अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत तयार झाला असून आता तसेच प्रयोग पाकिस्तानात होणार आहेत, त्यामुळे भारताला धोका आहे, असे त्यात म्हटले होते. दोन वर्षे त्या पत्राकडे कोणी फारसे पाहिले नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गाझेता’ने ‘पेट्रियट’चा हवाला देऊन तोच आरोप छापला, आणि १९८७ पर्यंत तो सुमारे ८० देशांत आणि ३० भाषांत पोहोचला. पूर्व जर्मनीतल्या एका जीवशास्त्रज्ञाच्या नावाने त्याला शास्त्राचे कातडेही चढवले गेले. बाहेर पेरायचे, तेथून उचलायचे आणि ‘भारतीय वृत्तपत्रात आले आहे’ म्हणून जगाला दाखवायचे, अशी ती रीत होती. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी हेरखात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी हा आपल्याच यंत्रणेचा उद्योग असल्याचे मान्य केले.

निरंजनाताईंच्या भावजयीचा प्रश्न वाचून मला हे सारे आठवले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी ही अफवा खरी का मानावी? टस्कीगी येथे सरकारी आरोग्यसेवेने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे कृष्णवर्णीय रुग्णांचा उपदंश उपचार न करता केवळ ‘अभ्यासला’ होता. ते खरे होते म्हणूनच हे खोटे रुजले. प्रिमाकोव्ह यांच्या कबुलीनंतर तेरा वर्षांनी, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे निम्म्या कृष्णवर्णीय अमेरिकनांनी हा विषाणू मानवनिर्मित असल्याचे मत दिले. पेरणाऱ्याची कबुली आली तरी पीक उभेच राहिले.

शिंचूकर

खिळाकाका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी तैवानमध्ये शिंचू येथे चिपच्या उद्योगात नऊ वर्षे आहे. परकीय अपप्रचाराचा मारा सर्वाधिक सोसणाऱ्या लोकशाही देशांत तैवानची गणना होते आणि इथला अनुभव या धाग्याला थेट लागू पडतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये जपानमध्ये ‘जेबी’ चक्रीवादळ आले आणि ओसाकाजवळचे कान्साई विमानतळ पाण्याने वेढले गेले. हजारो प्रवासी अडकले. चिनी वकिलातीने आपल्या लोकांसाठी थेट विमानतळावर बस पाठवल्या आणि ‘आम्ही चिनी आहोत’ असे म्हणणाऱ्या तैवानी प्रवाशांनाही त्यांत घेतले, अशी बातमी पसरली. प्रत्यक्षात बाहेरच्या बसना आत प्रवेशच नव्हता. सर्वांना विमानतळाच्याच वाहनांनी बाहेर काढले होते. परंतु ‘आपले कार्यालय झोपले होते का?’ या संतापाचा भडिमार ओसाकातल्या तैवानी प्रतिनिधीवर झाला आणि १४ सप्टेंबर रोजी त्यांनी आत्महत्या केली. एक माणूस गेला, त्यानंतर देश जागा झाला.

यातला अवघड भाग पुढे आहे. तैवानमधल्याच एका राजकीय कार्यकर्तीवर, पैसे देऊन त्या कार्यालयाविरुद्ध चर्चास्थळावर लिहून घेतल्याबद्दल, डिसेंबर २०१९ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. ठिणगी बाहेरची आणि सरपण घरचे, अशी स्थिती होती. तपास करणाऱ्याने फक्त ठिणगीकडे बोट दाखवले असते तर निम्मे सत्य झाकले गेले असते.

भाषेच्या खुणेबद्दलही लिहितो, कारण मराठी वाचकांना ती जवळची वाटेल. चीनमध्ये आणि तैवानमध्ये लिपीची रूपे वेगळी आहेतच, शिवाय रोजचे शब्दही वेगळे आहेत. चित्रफितीला किंवा एखाद्या वस्तूच्या दर्जाला दोन्हीकडे निरनिराळे शब्द वापरतात. लिपी यंत्राने बदलता येते, पण शब्द मागे राहून जातो. ‘तैवानी गृहिणी’ म्हणून लिहिणाऱ्या खात्याच्या मजकुरात पलीकडचा शब्द आला की इथले लोक लगेच सावध होतात. मराठीतली कित्येक ढकलपत्रे ‘हा संदेश जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवण्याची कृपा करावी’ अशा अनुवादित भाषेत येतात, ती वाचताना कान असेच टवकारायला हवेत. अर्थात ही शंकेची खूण आहे, तिने काही सिद्ध होत नाही.

उत्तर देण्याच्या बाबतीत इथे वेगाला फार महत्त्व आहे. २०२० च्या सुरुवातीला, मुखपट्ट्यांच्या कारखान्यांमुळे टॉयलेट पेपरचा कच्चा माल संपणार, अशी अफवा उठली आणि दुकाने रिकामी झाली. सरकारने काही तासांत पंतप्रधानांचे पाठमोरे व्यंगचित्र काढले. त्यावर ‘प्रत्येकाला पार्श्वभाग एकच असतो’ असे लिहिले होते आणि खाली तक्ता होता : हा कागद दक्षिण अमेरिकेतल्या मालापासून बनतो, मुखपट्टी देशातल्या मालापासून. लोक हसले, हसता हसता तक्ता वाचला आणि रांगा ओसरल्या. दुसरीकडे ‘कोफॅक्ट्स’ ही स्वयंसेवकांची व्यवस्था २०१६ पासून चालू आहे. ‘लाइन’ या इथल्या व्हॉट्सअ‍ॅपसारख्या संदेशसेवेवर आलेला संशयास्पद संदेश तिच्याकडे पाठवला की पडताळणी परत येते, आणि एखाद्या संदेशावर स्वयंसेवकांचे मत वेगवेगळे असेल तर तेही दाखवले जाते. मतमोजणीत प्रत्येक मतपत्रिका हात वर करून दाखवतात आणि नाव पुकारतात. कोणीही नागरिक उभा राहून पाहू शकतो, चित्रण करू शकतो. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीनंतर मतमोजणीत घोटाळा झाल्याच्या चित्रफिती फिरल्या, तेव्हा त्यांना उत्तर द्यायला तिथे प्रत्यक्ष उभे राहिलेले असंख्य साक्षीदार होते.

तळटीप

इथवरच्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे, तिच्याशी मी असहमत आहे. मोहीम झाली म्हणजे परिणाम झालाच, असे नव्हे. अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियन ट्विटर-खात्यांचा एक काटेकोर अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या खात्यांच्या मजकुराशी आलेल्या एकूण संपर्कापैकी ७० टक्के संपर्क केवळ १ टक्का वापरकर्त्यांच्या वाट्याला आला होता, ते वापरकर्ते आधीपासूनच एका बाजूकडे ठामपणे झुकलेले होते, आणि मतांमध्ये किंवा मतदानात या संपर्कामुळे बदल झाल्याचे आढळले नाही. प्रत्येक पराभवामागे बाहेरचा हात दिसू लागला की मतदारांवरचा विश्वास उडतो, आणि मोहीम चालवणाऱ्यांना तेच तर हवे असते.

दुसरे असे की आपल्या देशात ‘परकीय हात’ हा शब्दप्रयोग सत्तरच्या दशकापासून अंतर्गत विरोधाला बदनाम करण्यासाठी वापरला गेला आहे. ज्याच्या हाती तो शिक्का जाईल, तो उद्या शेतकऱ्याच्या मोर्चावरही उमटवील.

खानदेशी

तळटीप यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझ्या जिल्ह्यातले उदाहरण जोडते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्या काळात देशभर फिरणारी एक चित्रफीत मूळची कराचीची होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तिथल्या एका संस्थेने ती चांगल्या हेतूने बनवली होती, आणि शेवटचा खुलासा कापून ती आपल्याकडे पसरवली गेली. ‘पाकिस्तानातून आलेली चित्रफीत’ एवढेच वाक्य खरे म्हणून सांगितले असते तर लोकांनी काय अर्थ घेतला असता, याचा विचार करा. सामग्री परकीय होती, पण ती परकीय मोहीम नव्हती. कापणारे हात आणि ढकलणारी बोटे आपलीच होती. त्या पाच घरांची आठवण ठेवून सांगते की शिक्का मारण्यापूर्वी रानवारा यांनी सांगितलेल्या पायऱ्या चढल्याच पाहिजेत.

मृण्मय

थोडे अवांतर होईल, पण आपण नेहमी भक्ष्यच असतो का? डिसेंबर २०२० मध्ये त्याच ‘ईयू डिसइन्फोलॅब’ने भारताच्या बाजूने चाललेल्या एका जाळ्याचा अहवाल दिला होता ना?

जुना_खिळा

अवांतर मुळीच नाही. त्या अहवालानुसार दिल्लीतल्या एका उद्योगसमूहाशी जोडलेले हे जाळे १५ वर्षे चालू होते, त्यात ७५० हून अधिक बनावट माध्यमे होती, आणि २००६ मध्ये निधन पावलेल्या एका अमेरिकी प्राध्यापकाचे नाव पुढच्या वर्षीच्या परिषदेतल्या उपस्थितांत घातले होते. भारत सरकारने या जाळ्याशी संबंध नाकारला. मला त्यातले सर्वांत क्लेशदायक वाटले ते असे की बनावट माध्यमांत आलेला मजकूर आपल्याकडच्या वृत्तसंस्थेमार्फत पुन्हा भारतीय वाचकांपुढे आला, जणू युरोपच तसे म्हणत आहे. १९८३ ची रीत उलट दिशेने फिरली. दुसऱ्याचे तोतये मोजणाऱ्याने आपल्या घरचेही मोजावेत, नाहीतर त्याच्या मोजणीला किंमत राहत नाही.

कलम१९

मुंबईत वकिली करते, म्हणून ‘उत्तर कोणी द्यायचे’ या भागापुरते लिहिते. एप्रिल २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे सरकारचाच तथ्यपडताळणी कक्ष ठरवणार, आणि तो मजकूर ठेवणाऱ्या कंपनीचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार, अशी ती तरतूद होती. मुंबई उच्च न्यायालयात ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरुद्ध पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. ज्याच्याविषयी प्रश्न आहे त्यानेच निवाडा करू नये, हे तत्त्व मला येथे निर्णायक वाटते.

याचा अर्थ सरकारने हात बांधून बसावे असा नाही. फ्रान्सने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिजिनम’ हे खाते उभारले. ते उघड उपलब्ध माहितीच तपासते, एखादे मत योग्य की अयोग्य हे सांगत नाही, बनावट आणि संघटित परकीय वर्तन सापडले की पुराव्यासह अहवाल प्रसिद्ध करते आणि त्याच्यावर देखरेखीला स्वतंत्र समिती आहे. अहवाल छापला की तो कोणालाही खोडता येतो. उलट रुमानियाकडे पाहा. २४ नोव्हेंबर २०२४ ची अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ६ डिसेंबरला रद्द केली. टिकटॉकवर एका उमेदवारासाठी हजारो खाती एकाएकी जागी झाल्याचे गुप्तचर खात्याचे कागद त्यामागे होते. जानेवारी २०२५ मध्ये व्हेनिस आयोगाने (युरोप परिषदेच्या घटनाविषयक सल्लागार मंडळाने) म्हटले की असा निर्णय केवळ गोपनीय गुप्तवार्तेवर आधारलेला नसावा. मी त्याच्याशी सहमत आहे. मतदाराचे मत रद्द करायचे असेल तर पुरावा मतदारालाच दिसला पाहिजे.

रानवारा

कलम१९, तत्त्व मान्य आहे, परंतु मतदानाच्या आदल्या रात्री काय करायचे? स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ च्या निवडणुकीच्या दोन दिवस आधी एका पक्षनेत्याच्या आवाजाची बनावट ध्वनिफीत निघाली, आणि ती प्रचारबंदीच्या नेमक्या ४८ तासांत फिरली. अहवाल छापायला वेळच नव्हता.

कलम१९

म्हणूनच उत्तर आधी तयार असावे लागते. मे २०१७ मध्ये मॅक्राँ यांच्या प्रचारकांची चोरलेली पत्रे प्रचारबंदी सुरू होण्याच्या तोंडावर फोडली गेली, तेव्हा फ्रान्सच्या निवडणूक आयोगाने माध्यमांना ती न छापण्याचे आवाहन केले आणि बहुतेक माध्यमांनी ते पाळले. तिथे ऐन वेळी नवा कायदा करावा लागला नाही. संपादकांचा विवेक आणि आधीची तयारी कामी आली.

पाऊलवाट

मी अमेरिकेत याच विषयावर पीएच.डी. करत आहे. वरची सर्व उदाहरणे उघडकीस आली ती कोणीतरी आकडेवारीत हात घालू शकत होते म्हणून. ट्विटरने संशोधकांची माहिती मिळवण्याची विनामूल्य वाट २०२३ मध्ये बंद केली. फेसबुकची मालक कंपनी मेटाने, कोणता मजकूर किती पसरतो हे दाखवणारे ‘क्राउडटँगल’ हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी, अमेरिकी निवडणुकीला तीन महिने उरले असताना, मोडीत काढले. स्टॅनफर्डचे या विषयातले नामवंत केंद्र त्याच वर्षी जवळजवळ रिकामे झाले, परकीय अपप्रचारावर लक्ष ठेवणारा अमेरिकी परराष्ट्र खात्याचा कक्ष डिसेंबर २०२४ मध्ये आणि एफबीआयचे तशाच कामाचे पथक फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाले. तळटीप यांनी दिलेला अभ्यास मलाही महत्त्वाचा वाटतो, पण तसा अभ्यास आज हाती घ्यायचा म्हटले तर ती माहिती मिळणेच दुरापास्त आहे. परिणाम झाला नाही हे सांगायलाही मोजमाप लागते. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याने संशोधकांना माहिती मागण्याचा हक्क दिला आहे. आपल्या देशात तसा हक्क मागितला जावा, असे मला फार मनापासून वाटते.

तळटीप

पाऊलवाट यांचा मुद्दा पूर्णतः मान्य.

निरंजना (धागालेखिका)

सर्वांचे आभार. काल भावजयीशी तासभर बोलले. या वेळी लेखाबद्दल न बोलता आधी तिच्या बिलाबद्दल बोलले. बिल खरेच जड आहे, हे मी मान्य केले. मग आम्ही दोघींनी मिळून पाहिले की रशियाने नॉर्ड स्ट्रीम वाहिनीतून येणारा गॅस २०२२ च्या उन्हाळ्यात टप्प्याटप्प्याने कमी करून ऑगस्टअखेर बंद केला होता आणि भाव तेव्हाच भडकले होते. जर्मन सरकारने २०२३ साली घरगुती गॅसच्या ८० टक्के वापरासाठी दराला मर्यादा घातली होती, हेही त्या लेखात कुठे नव्हते. ती म्हणाली, “लेखाने माझी अडचण ओळखली, ताई, पण कारण दुसरेच सांगितले.”

पुण्यातल्या दोन समूहांपैकी एकाने लेख काढून टाकला. दुसऱ्याच्या चालकांनी ‘राहू द्या, माहितीच आहे’ असे कळवले आहे. त्यांना मी पुन्हा लिहिणार आहे. भावजय तोतया पान आणि खरे पान शेजारी-शेजारी ठेवून मुलाच्या शाळेतल्या पालकांच्या समूहावर पाठवू पाहते. कोणाला काही सुचवायचे असल्यास आज रात्रीपर्यंत सांगावे.

रानवारा

ताई, जिवंत दुवा पाठवू नये, त्याने त्या पानाला वाचकच मिळतात. दोन्ही पानांची चित्रे घ्यावीत, तोतया चित्रावर ठळक आडवी रेघ मारावी, आणि पत्त्याच्या शेपटाभोवती लाल वर्तुळ काढावे. जर्मन मजकूर मी तपासून देतो.